अंकलीचे घोडे आणि आमच्या सायकली

मागच्या डिसेंबरात मी आणि माझा भाचा सायकलवरून मिरजेहून पंढरपूरला गेलो. सरळ रस्त्याने गेलो असतो तर दोन दिवसांत आरामात पोचलो असतो. आम्हाला सहा दिवस लागले. कारण आम्ही आधी दक्षिणेला अंकलीला गेलो, तिथून परत फिरून उत्तरेला साताऱ्यापर्यंत चढलो, मग लोणंदला वळलो आणि तिथून वारीच्या वाटेने पंढरपूरला उतरलो. नकाशावर पाहिले तर हा वेडेपणा वाटेल. पण या वळणाला कारण होते, आणि ते कारण दोन घोडे.

अंकली म्हणजे सांगली-कोल्हापूर रस्त्यावरची अंकली नव्हे. ही अंकली बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातली, कृष्णेकाठची, शितोळे सरकारांची. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात तिथून दोन घोडे निघतात. म्हैसाळ, मिरज, सांगलवाडी, इस्लामपूर, पेठनाका, वहागाव, भरतगाव, भुईंज, सारोळा अशा वाटेने सुमारे तीनशे किलोमीटर चालून ते पुण्यावरून आळंदीला पोचतात. तिथे ते ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीपुढे उभे राहतात आणि मग पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच नसते. तो माऊलींचा घोडा. रिंगणात जो रिकाम्या पाठीने धावतो आणि ज्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोकांची झुंबड उडते, तो हाच.

टीव्हीवर रिंगण सगळा महाराष्ट्र पाहतो. पण रिंगणाच्या आधी हा घोडा सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे पायी तुडवून आलेला असतो, हे आमच्या भागाबाहेर फार कमी लोकांना ठाऊक असते. आम्ही मिरजकर मात्र लहानपणापासून ते घोडे पाहत आलो. अब्बा मला खांद्यावर बसवून न्यायचे. आमच्या गल्लीत एक नालबंद चाचा राहायचे. तेही यायचे. लोक घोड्याच्या पाया पडत आणि नालबंद चाचा घोड्याचे पाय तपासत. "अगले बाएं पैर का नाल घिस गया," असे काहीतरी पुटपुटत ते परत फिरायचे. त्यांची श्रद्धा कुठली होती ते मला सांगता येणार नाही, पण एवढ्या लांब जाणाऱ्या जनावराची काळजी त्यांना होती.

भाचा पुण्यात नोकरी करतो, वय चोवीस. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर सिंहगडापर्यंत सायकल मारतो. आषाढीच्या सुमारास अनेक शहरांतून सायकलवारी निघते हे त्यानेच मला सांगितले. नाशिकचे सायकलपटू तर गेली कित्येक वर्षे शेकडोंच्या संख्येने पंढरपूरला जातात. "मामू, आपण पण जायचं?" त्याने विचारले. मी म्हटले, जाऊ, पण गर्दीत नको, थंडीत जाऊ. आणि अंकलीपासून जाऊ.

माझा एक शाळेपासूनचा मित्र माळकरी आहे. त्याला बेत सांगितला तर तो म्हणाला, "सायकलीची कसली वारी? ती सहल. वारी पायानं असती." मला ते पटले. वारी हा नेम आहे, तो धरायचा तर आयुष्यभर धरावा लागतो. आम्ही सुट्टी घालवायला निघालो होतो, इतकेच. शिवाय मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मला पालखीपेक्षाही वाटेत रस होता.

हैबतबाबा कोण होते?

या वाटेचा इतिहास साताऱ्याजवळच्या आरफळ गावापासून सुरू होतो. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तेव्हा ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पादुका एकाच पालखीत असत. आळंदीहून माऊलींची स्वतंत्र पालखी निघू लागली ती १८३२ च्या सुमारास, आणि ती काढली हैबतराव पवार आरफळकर यांनी. लोक त्यांना हैबतबाबा म्हणतात. पंढरपूरला जशी नामदेवांची पायरी, तशी आळंदीला महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे.

हैबतबाबा संत म्हणून जन्मले नव्हते. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. आख्यायिका अशी की, ते गावी परतत असताना सातपुड्यात दरोडेखोरांनी त्यांना पकडून कोंडले. कैदेत ते हरिपाठ म्हणत राहिले. त्याच वेळी दरोडेखोरांच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याने सर्वांना सोडले. बाबा आरफळला न थांबता आळंदीला गेले आणि तिथेच राहिले. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. ज्या माणसाने हा सोहळा बांधला, त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे फौजेत काढली होती. आणि सोहळ्याकडे नीट पाहिले तर ते दिसते. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. कोणी कुठे चालायचे, कुठे थांबायचे, तळ कुठे पडणार, सगळे आधी ठरलेले. लाखो माणसे रोज नव्या गावी मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चालू लागतात. हे नुसत्या भक्तीने होत नाही. त्याला छावणी हलवण्याचा अनुभव लागतो.

बाबांना साथ देणाऱ्यांत वासकर होते, खंडोजीबाबा होते, शेडगे होते, आणि अंकलीचे शितोळे होते. शितोळ्यांनी घोडे दिले, तंबू दिला. तो मान आजही त्यांच्याकडे आहे.

चोपदाराची काठी

आता मला जे सांगायचे आहे ते. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की समाज आरती होते. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. मग चोपदार आपला चोप उंच करतो आणि लाखाचा जमाव क्षणात गप्प होतो. त्या शांततेत दिवसभरात काय हरवले, काय सापडले ते पुकारले जाते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचा टाळ वाजत राहतो आणि ती ऐकून घेतली जाते. ज्यांनी हे पाहिले आहे ते विसरत नाहीत.

हा "चोपदार" शब्द फारसी आहे. चोब म्हणजे काठी, चोबदार म्हणजे काठी धरणारा. दरबारात पुकारा करणारा तो. "मुक्काम" अरबी. "स्वार" फारसी. "नगारा" अरबी. जरीपटक्यातली "जर" म्हणजे सोने, फारसी. "अबदागिरी" म्हणजे आफताबगीर, सूर्याला अडवणारी छत्री, फारसी. सोहळ्याचे "मालक" म्हणतात तो मालक अरबी. "शितोळे सरकार" मधले सरकार फारसी. आणि "हैबत" हा शब्दच अरबी, अर्थ धाक, दरारा. टाळ, वीणा, दिंडी, रिंगण, पताका हे शब्द आपल्या मातीतले. म्हणजे भक्तीचे शब्द मराठी-संस्कृत आणि व्यवस्थेचे शब्द अरबी-फारसी, अशी ही सरमिसळ आहे.

इथे मी सावध होतो, कारण आमच्यातल्या काहींना अशा याद्या करायची फार हौस. शब्द सापडला की आम्ही खूश: बघा, आमचे योगदान! पण शब्द प्रेमानेच येतात असे नाही. हे शब्द आले ते बहमनी, आदिलशाही, निजामशाहीच्या कारभारातून, म्हणजे सत्तेतून आले. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरीही पुढे पेशव्यांचे कागद पाहावेत तर पानोपानी फारसी. शब्द येतात राज्याबरोबर, पण राज्य गेल्यावर टिकतात ते लोकांनी वापरल्यामुळे. १८३२ मध्ये पुणे-साताऱ्याकडे फारसी बोलणारी सत्ता उरली नव्हती. पुणे इंग्रजांकडे होते, साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह होते. हैबतबाबांना कोणी "चोपदार" म्हणायची सक्ती केली नव्हती. त्यांना काठीवाला माणूस हवा होता, आणि त्यांच्या मराठीत त्याला चोपदार म्हणत. तो शब्द तोवर मराठी झाला होता. माझे म्हणणे इतकेच आहे. योगदान वगैरे शब्द मला मोठे वाटतात.

ते ज्या शिंद्यांच्या पदरी होते, ते घराणे बीडच्या मन्सूरशाह या सूफींना गुरुस्थानी मानत आले आहे. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे वारकरी परंपरेतलेच संत. त्यांचा "योगसंग्राम" मराठीत आहे. हे सगळे आपण भाषणांत ऐकतो. हल्ली श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या समाधिस्थानावरूनच वाद पेटला, तेही ऐकतो. म्हणून भाषणांपेक्षा मला प्रत्यक्ष वाट पाहायची होती.

मिरज ते कराड

पहिल्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही निघालो. म्हैसाळमार्गे, मांजरीच्या पुलावरून कृष्णा ओलांडून अंकलीला पोचलो, चहा घेतला आणि परत फिरलो. घोड्यांसारखा आमचाही पहिला मुक्काम मिरजेत, फरक इतका की आम्ही घरी झोपलो. अम्मी हसत होती, "दिनभर सायकल चलाके घर कू च आए?"

दुसऱ्या दिवशी सांगलीत आयर्विन पुलावरून सांगलवाडीला उतरलो. हा पूल १९२९ चा. त्याआधी घोडे कृष्णा कशी ओलांडत असतील याचा विचार करत पुढे निघालो, तर आष्ट्याच्या रस्त्यावर विचार करायला उसंत मिळेना. ऊसतोडीचा हंगाम. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, वर उसाचा डोंगर, त्यातून बाहेर आलेली वाढे सायकलस्वाराच्या कानाशी सळसळत जातात. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने की घंटी कोणाला ऐकू जाणार? आम्ही सरळ मातीत उतरत होतो.

सायकल या भागाला नवी नाही. सांगली जिल्ह्यातला सर्वांत नावाजलेला उद्योग सायकलीतूनच उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. पुढे नांगर केले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. अब्बांचेही सायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्यांच्या लेखी किर्लोस्कर म्हणजे "अपने ही लाइन का आदमी". अब्बांची पान्ह्याची पिशवी मी सोबत घेतली होती. भाच्याकडे चकचकीत किट होते, पण आष्ट्याच्या अलीकडे चेन उतरून अडकली तेव्हा अब्बांचा पाना उपयोगी पडला.

दुपारी इस्लामपूर. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधिमंडळात जाहीर केला. आम्ही गेलो तेव्हा काही पाट्यांवर जुने नाव होते, काहींवर नवे. नगरपरिषदेचे नाव वर्षानुवर्षे उरुण-इस्लामपूर होते. शहराचा मोठा उत्सव म्हणजे संभूआप्पा-बुवाफन उरूस. संभूआप्पा आणि बुवाफन ही गुरू-शिष्यांची जोडी, गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि दोघांची नावे लोक एका दमात घेतात. नाव बदलले म्हणून उरूस बंद पडणार नाही. घोडेही थांबायचे राहणार नाहीत. तरी खोटे कशाला बोलू, पाटीखाली सायकल उभी करून पाणी पिताना मला बरे वाटले नाही. भाचा म्हणाला, "मामू, चला. फोटो नको."

तेव्हा माझ्या लक्षात आले की हा मुलगा २००९ मध्ये शाळेत होता. त्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, गणपती अडले. माझ्या आठवणीत आधीच्या चाळीस वर्षांची मिरज आहे. त्याची आठवणच तिथून सुरू होते. आम्ही एकाच शहरात वाढलो, पण ते शहर दोघांसाठी एक नाही.

पेठनाक्याला महामार्ग लागला. रुंदीकरणाची कामे, वळणरस्ते, धूळ. शक्य तिथे सेवारस्ता धरून संध्याकाळी कराडला पोचलो. आदिलशाही काळातल्या मशिदीचे मनोरे दुरून दिसतात. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर हातपाय धुतले. कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. त्या पंगतीमुळे शिकलेल्या मुसलमान कुटुंबांची एक पिढी या दोन जिल्ह्यांत आहे. तेव्हा हे दोन जिल्हेही नव्हते. सातारा एकच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले. नावे बदलणे इकडे नवे नाही.

आरफळच्या पारावर

तिसऱ्या दिवशी साताऱ्याला मुक्काम केला. घोड्यांची वाट इथून पुण्याकडे जाते. आम्ही ती सोडली आणि चौथ्या दिवशी सकाळी विचारत विचारत आरफळला गेलो.

पारावर तीन-चार म्हातारे ऊन खात बसले होते. सायकली, हेल्मेटे पाहून त्यांना गंमत वाटली.

"कुठनं आलासा?"

"मिरजेहून."

"आन् नाव काय?"

भाच्याने चटकन आडनाव सांगितले, "इनामदार." नाव गाळले. आमचे आडनाव असे आहे की ते कुठल्याही धर्मात खपते. पुण्यात खोली भाड्याने घेताना त्याने ते कितीदा असे वापरले असेल ते मला त्या क्षणी कळले. त्याने मला कधी सांगितले नव्हते.

म्हातारा हुशार होता. "मिरजंत इनामदार दोन्हीकडचं हायत."

भाचा गप्प. मी म्हटले, "आम्ही मुसलमान, आबा."

"मग हैबतबाबांचं काय काम काढलं?"

प्रश्नात राग नव्हता, गोडवाही नव्हता. सरळ प्रश्न होता. मीही सरळ सांगितले. लहानपणी मिरजेत घोडे पाहायचो, ते घोडे ज्यांच्यामुळे आळंदीला जातात त्यांचे गाव पाहायचे होते. मग चोपदार, मुक्काम, शिंद्यांची फौज असे काहीबाही बोललो. मास्तरकीची सवय जात नाही. म्हाताऱ्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबा शिंद्यांकडं नोकरीला हुतं. तिथं समदंच नोकरीला हुतं." एवढे बोलून त्याने समोरच्या टपरीवाल्याला हात करून दोन चहा सांगितले.

मी चाळीस मिनिटांच्या तासाला जे मांडत आलो ते त्याने दोन वाक्यांत संपवले. एका फौजेत, एका छावणीत, एका पगारावर माणसे एकत्र राहतात तेव्हा त्यांची भाषा एक होते. त्यात कोणी कोणावर उपकार केलेले नसतात.

गावाबाहेर आल्यावर मी भाच्याला काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "मामू, तुम्हाला सोपं आहे. तुम्ही रिटायर आहात." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. खोली शोधताना आलेला नकार मी इतिहासाने भरून काढू शकत नाही. ज्या मुलाला आडनावाआड लपावे लागते, त्याला "चोपदार फारसी आहे" हे सांगून काय मिळणार? पण तो पुढे म्हणाला, "तरी चहा चांगला होता." मग आम्ही दोघे हसलो आणि वाठार स्टेशनच्या दिशेने पायडल मारू लागलो.

लोणंद ते पंढरपूर

सालपे घाट उतरला की लोणंद. पुणे जिल्ह्यातून येणारी पालखी नीरा नदीवर माऊलींच्या पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. आम्ही पोचलो तेव्हा बाजारात कांद्याची आवक चालू होती, गावभर कांद्याचा वास. पालखीतळ रिकामा, एका कोपऱ्यात मुले क्रिकेट खेळत होती. आषाढात याच जमिनीवर पाय ठेवायला जागा नसते.

पाचव्या दिवशी तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब. माऊलींच्या सोहळ्यातले पहिले उभे रिंगण इथे होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात आणि मधून घोडे धावतात. आम्ही थांबलो. गर्दी नाही, घोडे नाहीत, नुसता रुंद झालेला पालखीमार्ग आणि त्यावरून जाणारे ट्रक. भाच्याने सायकल वळवली, शंभरेक मीटर मागे गेला आणि तिथून जोरात पायडल मारत माझ्या बाजूने सुसाट निघून गेला. हँडलवर हातही नव्हते. लहानपणी अब्बांच्या दुकानातली भाड्याची सायकल तो अशीच चालवायचा. मी ओरडलो, "अरे, हात!" तो पुढे जाऊन थांबला आणि वळून हसला. वारकऱ्यांनी ते पाहिले असते तर रागावले असते की नसते, याचा मी नंतर विचार केला. घोडाही तसा मोकळाच धावतो.

फलटणला विमानतळाच्या मैदानावर पालखी उतरते, पुढे बरड, मग धर्मपुरीला सोलापूर जिल्हा. आम्ही नातेपुतेला मुक्काम केला आणि सहाव्या दिवशी माळशिरस, वेळापूर, वाखरी करत दुपारनंतर पंढरपुरात शिरलो. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ते बाहेरच राहिले. दलितांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, तेव्हा दार उघडले. या वाटेवर कोण चालू शकतो आणि कोण कुठपर्यंत जाऊ शकतो, हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही, आणि तो आजचाही नाही. आम्ही चोखोबांच्या समाधीजवळ काही वेळ उभे राहिलो आणि चंद्रभागेकडे गेलो.

परतीची सोय माझ्या माळकरी मित्राने केली होती. मिरजेतली तंतुवाद्ये आपण ऐकून असाल. दीडेकशे वर्षांपूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतारी-तंबोरे बनवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच गल्लीत दिंडीत गळ्यात घालायची भजनी वीणाही बनते. या वाद्यांना लागणारे भोपळे पंढरपूरच्या परिसरातल्या शेतांत पिकतात. मित्राच्या ओळखीचा एक टेम्पो वाळलेले भोपळे घेऊन मिरजेला निघाला होता. पूर्वी या दोन गावांना बार्शी लाइटची छोटी रेल्वे जोडायची. १९२७ पासून ती मिरजेपर्यंत येत होती, आणि आमचे आजोबा सांगायचे की आषाढीला तिच्या टपावरही माणसे असत. आम्ही मात्र टेम्पोने आलो. सायकली भोपळ्यांच्या वर बांधल्या. आत जागा नव्हती म्हणून भाचा मागे बसला, एक मोठा भोपळा मांडीवर घेऊन, फुटू नये म्हणून.

२०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. राज्यात ठिकठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. ईदची नमाज झाली, एकादशीचा उपवास झाला, कोणाचे काही अडले नाही. त्याची बातमी झाली आणि दोन दिवसांत विरली. मला अशा विरून जाणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवावीशी वाटते, कारण उद्या भांडण झाले तर ती मात्र पानभर छापून येईल.

मित्राला प्रवासाची हकिकत सांगितली. आरफळचा प्रसंग ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ज्येष्ठात घोडं येतील, तवा पोराला बोलव. ह्या टायमाला पुढं उभं करू त्याला. नावानिशी."

भाच्याला निरोप दिला आहे. रजा मिळते का बघतो म्हणाला. आपल्यापैकी कोणी ज्येष्ठात मिरजेकडे असाल तर जरूर या. घोडे दरवर्षी येतात. पाया पडा किंवा नालबंद चाचांसारखे नाल तपासा, दोन्ही चालते.